पर्मनंट

मराठी माणसाने इंग्रजीकडून जे शब्द उचलले, त्यांत सर्वांत जास्त पेढे कुठल्या शब्दावर वाटले गेले असतील, तर ते 'पर्मनंट'वर. मुलाचे पेढे आणि मुलीची बर्फी असा भेद एके काळी घरोघर होता. मॅट्रिकच्या पेढ्यांमागून टक्क्यांची चौकशी यायची. पर्मनंटचे पेढे मात्र निखळ. खोका उघडून दारात उभा राहिलेला माणूस एवढंच म्हणायचा, "पर्मनंट झालो." आणि इंग्रजीचा बाकी कुठलाही शब्द धड न उच्चारणारी आजी पेढ्याचा तुकडा मोडत म्हणायची, "बरं झालं बाबा, सुटलास."

कशातून सुटला, हे कुणी विचारत नसे.

मुलुंड-भांडुपच्या ज्या पट्ट्यात मी वाढलो, तिथे नोकरी लागणं आणि पर्मनंट होणं या दोन वेगळ्या घटना होत्या. मधल्या काळात कधी वर्ष जायचं, कधी पाच वर्षं, कधी लग्नाचं वय. नोकरी आपल्याकडे 'लागते', आणि लागलेली गोष्ट सुटूही शकते, म्हणून नोकरी लागल्यावर नुसती देवापुढे साखर ठेवायची. पेढे नाहीत. "लागलाय हो, पण अजून टेम्पररी आहे," हे वाक्य आवाज एक पट्टी खाली आणून बोललं जायचं. त्यातल्या 'पण'वर मुलीचे वडील चहाचा कप खाली ठेवायचे.

सरकारी मराठीने या शब्दाला 'कायम' हा प्रतिशब्द दिलेला आहे. सेवापुस्तकात तो शोभतो. घरात मात्र तो कधी चालला नाही, आणि त्याचं कारण मला तरी उघड दिसतं. "आमचे काका कायमचे झाले," असं जिन्यात कुणी सांगितलं, तर शेजारी पेढे खायला येणार नाहीत, पांढरे कपडे घालून येतील. पर्मनंटमध्ये तो धोका नव्हता. शिवाय 'कायम'ला लहर असते. माणूस कायम खोकतो, कायम उशिरा येतो. पर्मनंट माणूस उशिरा आला तरी पर्मनंटच.

या शब्दाला एक आकडाही होता. 240. बाराचा पाढा विसरलेले लोक हा आकडा झोपेतही सांगत. बारा महिन्यांत 240 दिवस काम भरलं, की औद्योगिक विवाद कायद्याच्या हिशेबात सलग वर्षाची सेवा झाली, म्हणजे मग त्या माणसाला नोटीस आणि भरपाई दिल्याशिवाय 'उद्यापासून येऊ नकोस' म्हणता येत नसे. आपल्या राज्याचे जे आदर्श स्थायी आदेश होते, ते तर आणखी पुढे जाऊन 240 दिवस भरलेल्या कामगाराला पर्मनंट करा असंच सांगत. आमच्या शेजारचे अण्णा एका इंजिनीअरिंग कारखान्यात होते. त्यांच्या घरच्या 'कालनिर्णय'वर चतुर्थी आणि एकादशीच्या खाली पेन्सिलीचे बारीक ठिपके असत. ते ठिपके हजेरीचे. रात्री जेवण झालं की ते भिंतीपाशी उभे राहून ठिपके मोजत आणि मोजताना ओठ हलत. त्यांच्या आईला बरीच वर्षं वाटत होतं, की मुलगा जप करतो.

कायदा जसा अण्णांना पाठ होता, तसा तो कारखान्यालाही पाठ होता. म्हणून सात-साडेसात महिने झाले, की 'ब्रेक' यायचा. ब्रेक म्हणजे काही दिवस घरी बसा, मग नव्या कार्डावर, नव्या नंबरने, पुन्हा पहिल्या दिवसापासून सुरू. मशीन तेच, सुपरवायझर तोच, डबा ठेवायची खुंटीही तीच, फक्त माणूस नवीन. ब्रेकमधला माणूस शक्यतो गावी जायचा, कारण भर दिवसा घरी दिसणं बरं दिसायचं नाही. राजापूरकडच्या आमच्या कितीतरी शेजाऱ्यांनी आंब्याची कलमं याच ब्रेकमध्ये लावली. झाडं धरली. नोकऱ्यांचं सांगता येत नाही.

लोकलच्या सेकंड क्लासमध्ये तिघांच्या बाकावर चौथा बसतो, हे मुंबईबाहेरच्या माणसाला समजावून सांगावं लागतं. चौथी सीट ही रेल्वेने दिलेली नाही, तरी ती आहे. तिच्यावर बसणाऱ्याचा अर्धा भाग बाकावर आणि अर्धा हवेत असतो. एक पाय पॅसेजमध्ये रोवून सगळा तोल सांभाळायचा. तो तिघांइतकंच तिकीट काढतो, तिघांइतक्याच वेळात घाटकोपरला पोहोचतो, आणि वाटेत कुणी "जरा सरका हो" म्हटलं, तर तिघं एकमेकांकडे बघतात आणि हलतो चौथाच. टेम्पररी म्हणजे ही चौथी सीट. तिसरी मिळायची ती पुढचा कुणी उठल्यावर. म्हणून पर्मनंट झालेल्याला आजी 'सुटलास' म्हणायची. त्याचं बूड टेकलेलं असायचं.

कापडगिरण्यांत तर या चौथ्या सीटला रीतसर नाव होतं, बदली. सकाळी गेटवर जमायचं, कुणी पर्मनंट गैरहजर असला तर त्याच्या मागावर उभं राहायचं, नसला तर परत फिरायचं. दुसऱ्याच्या तापावर आपली चूल. कुणाला आत घ्यायचं हे जॉबरच्या, म्हणजे गिरणीतल्या मुकादमाच्या, मर्जीवर असे, आणि त्या मर्जीचा दरही असे. म्हणून 1935 साली गिरणी मालकांच्या संघाने बदली कामगारांना कार्डं देण्याची योजना आणली. कार्ड आलं. काम रोज आलंच असं नाही. 18 जानेवारी 1982 ला जो संप सुरू झाला, त्यात अडीच लाखांच्या आसपास कामगार उतरले, आणि बदल्यांना पर्मनंट करा ही त्यांची एक मागणी होती. संपाचे पुढारी डॉक्टर दत्ता सामंत तसे आमच्या उपनगरातलेच म्हणायचे, घाटकोपरच्या पंतनगरात त्यांचा दवाखाना होता. खाणीत दगड फोडणारे मजूर त्यांच्याकडे औषधाला येत, आणि दुखणं औषधाने जाणारं नाही हे डॉक्टरांच्या ध्यानात आलं, तिथून त्यांची युनियन सुरू झाली. त्या संपाचं पुढे काय झालं, ते सांगायला नको. बदल्याही गेल्या आणि पर्मनंटही.

पण शब्द चिवट असतात. गिरण्यांचे भोंगे थांबून चाळीस वर्षं झाली, आणि 'बदली' अजून रोज सकाळी मुलुंडच्या स्वयंपाकघरात हजर असते. "ताई, मी बदलीवर आलेय, तुमची पर्मनंट बाई गावाला गेलीय." भांडी घासायला आलेल्या बाईंची आजी परळच्या गिरणीत असो वा नसो, गेटवरचा शब्द त्यांच्या तोंडी तसाच्या तसा आहे, आणि अर्थही जराही हललेला नाही. पगार कुणाचा कापायचा, बदलीला रोजावर द्यायचे की पर्मनंटच्या हातून, दिवाळीचा बोनस दोघींत कसा वाटायचा, या सगळ्याचे नियम बायकांनी आपापसांत ठरवलेले आहेत, आणि ते कुठल्याही स्थायी आदेशांपेक्षा जास्त पाळले जातात. माझी बायको तीस वर्षं सरकारी खात्यात होती. तिच्या लेखी बदली म्हणजे ऐन जूनमध्ये, मुलांच्या शाळा सुरू होताना, गडचिरोलीचा कागद येणं. एकदा बाई म्हणाल्या, "माझी बहीण बदली आहे," तर ही काळजीने म्हणाली, "अगं बाई, कुठे?" सरकारात पर्मनंट माणसाची बदली होते. गिरणीत पर्मनंट न झालेला माणूस बदली असायचा. एकाच शब्दाला एकीकडे रडणारे आणि दुसरीकडे त्याच्यासाठी रांगेत उभे राहणारे, असं मराठीत फार वेळा घडलेलं नाही.

आता, पर्मनंट म्हणजे नेमकं काय मिळायचं? पगार बरा व्हायचा, रजा मिळायची, हे झालंच. पण ज्याने तो खोका उघडला होता, त्याला खरा अर्थ दुसऱ्या दिवशी कळायचा. दुसऱ्या दिवशी लोक जामीनकीसाठी यायचे. कामगार पतपेढीचं कर्ज काढायचं, तर दोन जामीन लागत, आणि ते दोन्ही पर्मनंट लागत. काल ज्याला चहा पाजताना उधारीचा विचार होत होता, तो आज दुसऱ्याच्या कर्जाखाली सही करायला लायक ठरलेला असायचा. अण्णा पर्मनंट झाल्यावर पहिल्या महिन्यात इतक्या जणांना जामीन राहिले, की पुढची काही वर्षं त्यांचा पगार त्यांच्याआधी दुसऱ्यांच्याच घरी पोहोचला. तरी त्यांची तक्रार नव्हती. "मागतात तरी आपल्याकडे," म्हणायचे. वाण्याची वही, मुलीचा बाप, पतपेढी, शाळेचे हेडमास्तर, या सगळ्यांनी तुमचा उद्याचा दिवस खरा धरायचा, एवढाच त्या शब्दाचा व्यवहार होता. तुम्हाला स्वतःला तो खरा वाटो न वाटो.

आमची उपनगरं त्या उद्यावरच उभी राहिली. 1956 साली आयुर्विमा महामंडळ झालं, 1969 च्या जुलैत चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि पर्मनंट माणसांचं एक मोठं पीक आलं. त्यांनी हप्ते भरून सहकारी सोसायट्या काढल्या. बोरिवलीला जीवन बीमा नगर म्हणून अख्खी वस्ती आहे, नावातच नोकरी घेऊन बसलेली. पार्ल्याला बिस्किटांचा कारखाना 1929 पासून होता. त्याचा वास स्टेशनवर उतरणाऱ्याला आपण कुठे आलो ते सांगायचा. तो कारखाना 2016 ला बंद झाला. कुर्ल्याच्या ज्या कारखान्यातून काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या पद्मिनी बाहेर पडत, तिथे आता कोहिनूर सिटी आहे. कारखान्यात पर्मनंट झालेली माणसं कारखान्यापेक्षा जास्त टिकली, हा या कथेतला चमत्कारच. बँकांनी 2000-01 मध्ये स्वेच्छानिवृत्ती आणली, तेव्हा लाखभर कर्मचारी रक्कम घेऊन बाहेर पडले. आमच्या बागेतल्या सकाळच्या बाकांवर गर्दी झाली ती तेव्हापासून. पर्मनंटला पैसे देऊन घरी पाठवता येतं, हे आमच्या वडिलांच्या पिढीला तेव्हा कळलं, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना ते मनातून आवडलंही.

अंधेरीला 1973 साली सीप्झ हे निर्यात क्षेत्र झालं. आधी इलेक्ट्रॉनिक्स, मग दागिने, मग संगणकवाले. माझा भाचा तिथेच आसपास एका काचेच्या इमारतीत कामाला आहे. त्याला सहा महिन्यांनी 'कन्फर्मेशन' आलं. ते त्याने रात्री जेवताना, भाकरीचा तुकडा मोडता मोडता सांगितलं. मी म्हटलं, "म्हणजे पर्मनंट झालास!" तो म्हणाला, "मामा, असं कोण म्हणतं आता? दोन महिन्यांची नोटीस आहे. त्यांनी द्यायची किंवा मी." पेढे आणायचा विषयच निघाला नाही. त्यांच्याकडे काम नसलं की माणसाला 'बेंचवर' ठेवतात. आमच्या शाळेत बेंचवर उभं करत, ते केलेल्या चुकीपायी. याला चूक न करता बसवतात, वर पगारही देतात, आणि तरी तो बेंचवर असताना जेवत नाही. पण याच भाच्याला बँकेने मुलुंडच्या फ्लॅटसाठी वीस वर्षांचं कर्ज दिलं, न जामीन, न दाखला. दोन महिन्यांच्या नोकरीवर वीस वर्षांचा हप्ता. माझ्या वडिलांना हे सांगितलं असतं, तर त्यांनी बँकेच्या मॅनेजरची काळजी केली असती.

हे झालं काचेच्या आतलं. काचेच्या बाहेर मात्र त्या शब्दासाठी माणसं अजून कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात. मुंबई महापालिकेचा कचरा उचलणारे कंत्राटी कामगार घ्या. त्यांना कागदावर कामगारसुद्धा म्हटलेलं नव्हतं. 'हैदराबाद पॅटर्न' नावाची एक युक्ती होती, तिच्यात ते संस्थांचे 'स्वयंसेवक' होते. पहाटे देवनारच्या गाडीवर गुडघाभर घाणीत उभं राहणारा माणूस हौसेने आलेला आहे, असं त्या कागदाचं म्हणणं. (सेवक हा शब्द आपल्याकडे दिसला की पगार तपासावा. 2000 साली राज्याने नव्या शिक्षकांना 'शिक्षणसेवक' केलं, तेही तीन वर्षं मानधनावर.) 1971 चा आपल्याच राज्याचा कायदा आहे, त्यात माणसाला वर्षानुवर्षं बदली किंवा टेम्पररी ठेवून पर्मनंटचे हक्क नाकारणं ही अनुचित प्रथा म्हणून नोंदलेली आहे. कचरा वाहतूक श्रमिक संघाने खटला लढवला. 2,700 कामगारांना पर्मनंट करा, हा न्यायाधिकरणाचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने 2017 मध्ये उचलून धरला. आणि मग पडताळणी आली. यादीतलं नाव एक, आधारवरचं दुसरं. कुठे आडनाव गळलेलं, कुठे इंग्रजी स्पेलिंगात एक अक्षर जास्त. नावांतल्या अशा चुकांपायी कित्येकांचं पर्मनंटपण अडकून राहिलं. ज्यांना सही करायला कुणी शिकवलं नाही, त्यांच्याकडून स्पेलिंगची अपेक्षा.

युनियनच्या कचेऱ्यांत गेलात, तर 'उमादेवी' हे नाव कानावर येईल, आणि ते घेताना चेहरे उतरतील. ही कुणी कडक साहेबीण नाही. 2006 चा तो कर्नाटकातला खटला. सरकारी खात्यात रीतसर भरतीशिवाय घेतलेला माणूस केवळ बरीच वर्षं काम केलं म्हणून पर्मनंट होण्याचा हक्क सांगू शकत नाही, असं त्यात ठरलं. तेव्हापासून देशभरच्या टेम्पररी लोकांच्या आयुष्यात एक देवी कायमची येऊन बसली आहे.

बेस्टमध्ये तर वेगळीच भाषा आली. 'वेट लीज'. म्हणजे बस ठेकेदाराची, दुरुस्ती ठेकेदाराची, ड्रायव्हरही ठेकेदाराचा, बेस्टचा फक्त रंग आणि नंबर. ओला भाडेकरार म्हणतात त्याला, आणि सगळ्यात कोरडा त्यातला ड्रायव्हर. 2 ऑगस्ट 2023 ला घाटकोपर आणि मुलुंड आगारातल्या अशा ड्रायव्हरांनी स्टिअरिंग सोडलं, आणि दोन-तीन दिवसांत मुंबईभर लाल बसची वाट बघत लोक थांब्यांवर उभे राहिले. एक आजोबा चिडून म्हणाले, "बेस्टवाले माजलेत." शेजारचा म्हणाला, "ते बेस्टवाले नाहीतच ना काका, तेच तर भांडण आहे." आता 2020 च्या औद्योगिक संबंध संहितेत 'निश्चित मुदतीची नोकरी' असाही एक प्रकार अधिकृत झाला आहे. मुदत निश्चित, माणूस अनिश्चित. नाव मात्र असं ठेवलंय, की ऐकताना पर्मनंटपेक्षा बळकट वाटावं.

या सगळ्यावर आमच्या सोसायटीत ठाम मतं आहेत. कमिटीतले बहुतेक जण बँकेतून, विमा कंपनीतून, सरकारातून निवृत्त झालेले, म्हणजे पर्मनंटची पेन्शन खाणारे. अध्यक्ष तर एके काळी युनियनमध्ये होते, गेट मीटिंगला माइक नसला तरी चालायचं असा आवाज. कंत्राटी पद्धतीवर ते आजही तासभर बोलू शकतात, आणि गेल्या सभेत बोललेही. त्या भाषणानंतरचा विषय वॉचमनचा होता.

आमचा वॉचमन बरीच वर्षं गेटवर आहे. एजन्सी तीनदा बदलली, गणवेश खाकीचा निळा आणि निळ्याचा राखाडी झाला, पण आतला माणूस तोच. कुणाची गाडी कुठे लागते, कुठल्या मजल्यावरच्या आजींना साखर वर्ज्य असून मिठाईचा पुडा कुणाकडून जातो, हे त्याला सगळं माहीत. एजन्सी दर वेळी का बदलायची, याचं उत्तर अध्यक्षांनी मला खाजगीत, युनियनमधल्या जुन्या अनुभवाच्या आधाराने दिलं. "एकाच एजन्सीकडे फार दिवस ठेवला, की उद्या क्लेम लावतो. आम्ही लावलेत ना, मला माहितीये."

यंदा नव्या एजन्सीसाठी पोलीस पडताळणीचा अर्ज भरायचा होता. त्यात 'सध्याचा पत्ता' आणि 'कायमचा पत्ता' असे दोन रकाने. वॉचमनने दोन्हींत आमच्या सोसायटीचं नाव लिहून दिलं. सेक्रेटरी घाबरले. खालचा रकाना पांढरी शाई लावून खोडला गेला, "असं लिहायचं नसतं रे, गावचा पत्ता सांग," असं त्याला समजावलं गेलं, आणि तो सांगत असताना सेक्रेटरींनी घाईघाईत स्वतःच्या हाताने लिहिला. गावाचं नाव त्यांनी चुकीचं लिहिलं. वॉचमनने ते पाहिलं आणि सांगितलंही, पण पांढरी शाई संपली होती.